आंब्याच्या ब्रँडसाठी घेतलेली नवी डोमेनं: एका हंगामानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. आमच्या घरच्या हापूस विक्रीच्या नावाचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, जुनंच आहे. त्याच्या जोडीला गेल्या गणपतीच्या सुमारास डॉट इन, डॉट को डॉट इन, डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन आणि देवनागरीतलं डॉट भारत अशी डोमेनं घेतली. त्याच वेळी डॉट कॉममधली आमच्या नावाची दोन-तीन वेगळी स्पेलिंगंही घेऊन ठेवली. सगळं मुद्दाम एकाच वर्षासाठी घेतलं, कारण एक पूर्ण हंगाम काढून यातलं खरंच काय उपयोगी पडतं ते बघायचं होतं. आता आंबा संपलाय आणि सर्व्हरच्या नोंदी समोर आहेत. डॉट इन, डॉट को डॉट इन आणि वेगळी स्पेलिंगं कायम ठेवणार. डॉट भारतही ठेवणार, पण वेगळ्या कारणासाठी. शॉप, स्टोअर आणि ऑनलाइन या तिघांचं नूतनीकरण करणार नाही.

हे सगळं करायची वेळ का आली, ते आंबा धंद्यातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. त्याआधीच्या हंगामात कुणीतरी आमच्या नावापुढे 'हापूस' जोडून, एका स्वस्तातल्या नव्या एक्स्टेंशनवर (पत्त्यातला शेवटच्या डॉटपुढचा भाग) साइट उभी केली. फोटो आमच्याच बागेतले, आमच्याच पानावरून उचललेले. भाव डझनामागे दोन-अडीचशे रुपयांनी कमी आणि पूर्ण रक्कम आगाऊ, यूपीआयवर. पैसे त्यांच्याकडे गेले आणि फोन आमच्याकडे आले. कोथरूडच्या एका काकूंचा फोन अजून कानात आहे: "अहो, उद्या अक्षय्य तृतीया, देवाला आंबा दाखवायचाय. पेटी कुठपर्यंत आलीय?" त्यांचे पैसे आमच्याकडे आलेच नव्हते. तरी पुण्यातल्या आमच्या माणसाकडून रात्री पेटी पोचवली, कारण त्या आमच्या नावावर विश्वास ठेवून फसल्या होत्या.

त्या साइटच्या पत्त्याकडे नीट बघा. नुसतं आमचं नाव आणि डॉट स्टोअर असं ते नव्हतं, नावाला 'हापूस' जोडलेलं होतं. म्हणजे आमच्या नावाची पन्नास एक्स्टेंशनं आमच्याकडे असती, तरी तो पत्ता त्या माणसाला मिळालाच असता. हापूस, मँगो, देवगड, ऑफिशियल, पुणे, काय काय जोडता येतं याला अंत नाही. जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले तेव्हा १,९३० अर्ज आले होते, प्रत्येकी १,८५,००० डॉलर भरून. त्यातली हजाराहून जास्त प्रत्यक्ष सुरू झाली. डॉट शॉपचे हक्क २०१६ च्या लिलावात जपानच्या जीएमओ रजिस्ट्रीने ४ कोटी १५ लाख डॉलरना घेतले. डॉट स्टोअर आणि डॉट ऑनलाइन चालवणारी रॅडिक्स तर आपल्या मुंबईतून वाढलेल्या डायरेक्टी समूहातून निघालेली. एवढा पैसा ओतलेल्या लोकांना नावं विकायचीच आहेत, आणि 'ब्रँड वाचवा, आजच घ्या' हे त्यांचं हक्काचं वाक्य आहे. पुढच्या फेरीचे अर्ज घेण्यासाठी आयकॅनने ३० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली, म्हणजे ही यादी आणखी वाढणार. लहान धंद्याने या शर्यतीत उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

किमतीचं गणित घेण्याआधीच कागदावर मांडा. नव्या एक्स्टेंशनला पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपये पडतात आणि दुसऱ्या वर्षी तेच डोमेन अडीच-तीन हजारांच्या पुढे जातं, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षाची किंमत मोठ्या अक्षरांत असते आणि नूतनीकरणाची शोधावी लागते. डॉट कॉमच्या घाऊक दरावर करारानुसार मर्यादा आहे, नव्या एक्स्टेंशनना तशी मर्यादा नाही. नूतनीकरणाचा दर वाढवायचा तर रजिस्ट्रीला, म्हणजे ते एक्स्टेंशन चालवणाऱ्या कंपनीला, १८० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि तेवढ्या अवधीत जुन्या दराने पुढची वर्षं भरून ठेवता येतात, एकूण दहा वर्षांपर्यंत. ती सूचना रजिस्ट्रारकडे, म्हणजे आपल्याला डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे जाते, आपल्यापर्यंत पोचेलच याची खात्री धरू नका. शिवाय काही छोटी, सुटसुटीत नावं रजिस्ट्रीने 'प्रीमियम' म्हणून राखलेली असतात. त्यातल्या बऱ्याच नावांना ती चढी किंमत दरवर्षी मोजावी लागते.

आता प्रत्यक्ष वापर. ही सगळी डोमेनं मूळ डॉट कॉमकडे वळवली होती आणि कोण कुठून आलं याची नोंद ठेवली होती. शॉप, स्टोअर आणि ऑनलाइनवर माणसं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी वर्दळ बॉटची, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामची. डॉट इनवर मात्र मार्च ते मे रोज कुणी ना कुणी येत होतं, कारण आपल्याकडे लोक सवयीने डॉट इन टाकून बघतात. आणि खरी गर्दी होती ती चुकीच्या स्पेलिंगच्या डॉट कॉमवर. आमच्या नावात 'आंबे' आहे. कुणी एक ए लिहितं, कुणी दोन. पुढे 'व' येतो, त्याला कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू. ग्राहक फोनवर नाव ऐकतो, किंवा शेजारणीच्या घरी पेटी बघून येतो आणि कानाला जसं लागलं तसं टाइप करतो. मराठी नाव रोमनमध्ये लिहायची एक ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे ही आपल्या सगळ्या मराठी धंद्यांची अडचण आहे. जोशी, पाध्ये, गावडे, कुठलंही आडनाव घ्या आणि चार जणांना लिहायला सांगा.

कोर्टापर्यंत गेलेली जुनी प्रकरणंही हेच दाखवतात. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफचा जो खटला गाजला, त्यात समोरच्याने एका ई च्या जागी ए घालून 'रॅडिफ डॉट कॉम' घेतलं होतं. न्यायालयाने त्याला मनाई केली. २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीचा निकाल, ज्याने डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे पक्कं केलं, तोही 'सिफी' आणि 'सिफ्फी' यांच्यातला होता. दोन्हीकडे फरक एकेका अक्षराचा.

डॉट भारतबद्दल मला आपुलकी आहे, आणि ती लपवत नाही. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं आणि मराठी, कोकणी, हिंदी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषा त्यात येतात. आम्ही तो पत्ता पेटीच्या झाकणावर मोठा छापला. वयस्कर ग्राहक फोनच्या मराठी कीबोर्डवर तो सहज टाइप करतात आणि साइट उघडते. ज्याचं स्पेलिंग चुकायची भीती नाही असा पत्ता म्हणून तो मला फार आवडला. पण त्याच्यावर धंद्याचा ईमेल चालवू नका. पैसे घेण्याच्या एका सेवेच्या अर्जात आमचा देवनागरी पत्ता सरळ नाकारला गेला. तिथे 'एक्सएन' आणि दोन डॅशने सुरू होणारं त्याचं तांत्रिक रूप टाकावं लागलं, तेव्हा अर्ज पुढे सरकला. ते रूप ग्राहकाला बिलावर दिसलं, तर त्याला आपणच बनावट वाटू.

डोमेन वळवण्यातली एक बाब मात्र फार महत्त्वाची, आणि रजिस्ट्रारच्या मदत पानावर ती ठळकपणे सापडत नाही. रजिस्ट्रारकडे मिळणारी फुकटची फॉरवर्डिंग सोय बऱ्याचदा एचटीटीपीएसला (सुरक्षित जोडणीला) चालत नाही, कारण त्या डोमेनचं सुरक्षेचं प्रमाणपत्रच नसतं. ठाण्याच्या एका ग्राहकाने डॉट को डॉट इनचा एचटीटीपीएसवाला दुवा उघडला आणि 'कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा आल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. ब्रँड वाचवायला घेतलेल्या डोमेनवरच हा इशारा दिसला, तर उरलासुरला विश्वासही जातो. आम्ही सगळ्या डोमेनचं डीएनएस (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर जातं याच्या नोंदी) एका ठिकाणी नेलं, फुकट मिळणारी प्रमाणपत्रं बसवली आणि कायमस्वरूपी ३०१ रीडायरेक्ट लावला. त्याच बैठकीत आणखी एक करा: ज्या डोमेनवरून मेल पाठवायचाच नाही, त्यावर एसपीएफची (त्या नावाने कुणी मेल पाठवायचा ते सांगणारी) सगळ्यांना मनाई करणारी नोंद आणि डीमार्कची (बनावट मेलचं काय करायचं ते सांगणारी) 'रिजेक्ट' नोंद टाका. नाहीतर तुमच्याच राखीव डोमेनच्या नावाने कुणी बनावट मेल पाठवू शकतं.

बनावट साइट या हंगामातही उगवली. नाव तसंच, जोडलेला शब्द वेगळा. या वेळी आम्ही प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदींत आमचं नाव नियमित शोधत होतो. सीआरटी डॉट एसएच या साइटवर हे फुकट करता येतं, आणि नवी साइट प्रमाणपत्र घेते तेव्हाच तिचं नाव तिथे उमटतं. त्यामुळे ग्राहकांचे फोन यायच्या आधीच आम्हाला कळलं. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारात बदल झालाय: फिशिंगचा, म्हणजे बनावट साइटवरून फसवण्याचा, पुरावा मिळाला तर रजिस्ट्रारने ते डोमेन थांबवण्यासाठी पाऊल उचललंच पाहिजे. डोमेनच्या सार्वजनिक नोंदणी माहितीत (हूइज) तक्रारीसाठी रजिस्ट्रारचा अ‍ॅब्यूज पत्ता असतो. आम्ही तिथे आमच्या आणि बनावट अशा दोन्ही साइटचे स्क्रीनशॉट, बनावट साइटवरची यूपीआय आयडी आणि चोरलेल्या फोटोंचे मूळ दुवे पाठवले, सोबत सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार केली. ज्यांचे पैसे गेले त्यांना १९३० वर लगेच फोन करायला सांगितलं. डोमेन काही दिवसांतच बंद झालं. एकही एक्स्टेंशन विकत न घेता झालेलं हे काम सगळ्या खरेदीपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

याच्यापुढचा रस्ता म्हणजे ट्रेडमार्क. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. ताज्या फळांचा वर्ग ३१, डबाबंद आमरस २९ मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये. नोंदणी दहा वर्षं टिकते. ती हातात असली की जागतिक डोमेनसाठी यूडीआरपी आणि डॉट इन, डॉट भारतसाठी आयएनडीआरपी अशा दोन्ही तक्रारव्यवस्थांत आपली बाजू भक्कम होते. यूडीआरपी स्वस्त नाही: जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच डोमेनसाठी एका पंचाची फी १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस या ट्रेडमार्कच्या जागतिक नोंदवहीत नाव नोंदवलं तर नवं एक्स्टेंशन सुरू होताना ते सगळ्यांच्या आधी घेण्याची संधी मिळते, पण नुसता अर्ज केलेला ट्रेडमार्क तिथे चालत नाही. आमचा अर्ज अजून प्रलंबित आहे, त्यामुळे तो विषय पुढे ढकललाय.

'देवगड हापूस' असलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं तर काय, असं बरेच बागायतदार विचारतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं आहे, एकट्याच्या ब्रँडचं नाही. यूडीआरपी ट्रेडमार्कवर चालते, भौगोलिक मानांकनावर नाही. म्हणून ब्रँडचं नाव स्वतःचं, वेगळं असू द्या. तेच वाचवता येतं.

डोमेन घेतल्यावर भीती दाखवणारे ईमेल सुरू होतील, त्यांना उत्तर देऊ नका. 'चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाचं डॉट सीएन आणि डॉट एशिया घेतेय, तुमची हरकत आहे का, आजच कळवा' असा मेल आम्हालाही आला. हा जगभर चालणारा जुना फसवा प्रकार आहे, त्यांना तुमच्या गळ्यात महागडी डोमेनं मारायची असतात.

सोडायची डोमेनं सोडतानाही एक पथ्य आहे. जे पेटीवर, बिलावर किंवा ईमेलमध्ये एकदाही छापलं नाही, तेच निर्धास्त सोडा. छापलेलं डोमेन मुदत संपून सुटलं की दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं आणि जुने ग्राहक तिथेच जातात. आम्ही शॉप, स्टोअर, ऑनलाइन कुठेच छापले नव्हते, म्हणून त्यांचं ऑटो रिन्यू बंद केलंय. बाकीच्यांची मुदत गणपतीत संपते. ती पाच वर्षांसाठी भरतोय, रजिस्ट्रारच्या खात्यावर दुकानाचा ईमेल आणि वडिलांचा मोबाइल आहे, आणि नोंदणी साइट बनवणाऱ्याच्या नावावर नसून आमच्या फर्मच्या नावावर आहे.