फिरता स्टँड आणि गळ्यातला माईक: दुरून पाठनिरीक्षणासाठी कितपत कामाचा?

छात्राध्यापकाचा पाठ दुरून थेट पाहायचा, तर शिक्षकामागे आपोआप वळणारा टॅबलेट-स्टँड आणि गळ्यातला माईक हा संच चांगलाच उपयोगी आहे. चित्र समाधानकारक, खरी कसोटी आवाजाची. हा माईक शिक्षकाचा प्रश्न स्वच्छ पकडतो, पण मागच्या बाकावरचं उत्तर हरवतं. आणि निरीक्षकाला तेच तर ऐकायचं असतं! गटाजवळ ठेवायला दुसरा माईक घ्याच, त्याशिवाय संच अर्धाच.

स्टँड दीड मीटर उंचीवर, खिडकीकडे पाठ करून ठेवा. उजेड समोरून आला की चेहरे काळे पडतात. स्टँड शिक्षकाचा माग काढतो तो गळ्यातल्या माईकमधून येणाऱ्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) संकेतावर. शिक्षक फळ्याकडे वळला की माईक अंगाआड जातो आणि कॅमेरा भलतीकडेच थबकतो. गटकार्याच्या वेळी ही सोय बंद करून टॅबलेट मुलांकडे वळवलेला बरा.

720पी चित्रासाठी 2 एमबीपीएस अपलोड टिकून हवा. अडखळलं तर चित्राचा दर्जा उतरवा, आवाज सोडू नका.

पाठ चालू असताना शिक्षकाच्या कानात सूचना द्यायची असेल तर ब्लूटूथ इअरफोन त्याच टॅबलेटला जोडू नका: बहुतेकदा टॅबलेट इअरफोनचाच माईक धरतो आणि वर्गाचा आवाज जातो. त्यासाठी वेगळा फोन कॉल लावा. सूचना दोन-तीन शब्दांचीच हवी: ‘थांब, वेळ दे’, ‘कारण विचार’. लांब वाक्य ऐकताना शिक्षकाचं बोलणं तुटतं.

पालकांची लेखी संमती पाठाआधीच घ्या. नकार असलेली मुलं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, पण पाठात सामील राहतील अशी बसवा.