‘बाउहाउस स्टेअरकेस’: ओएमडीचा निरोपाचा अल्बम आणि चाहत्यांचे दोन तट

ओएमडी, म्हणजे ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क. लिव्हरपूलच्या पल्याडच्या विरल भागातल्या अँडी मॅक्क्लस्की आणि पॉल हम्फ्रीज या जोडगोळीने १९७८ साली सुरू केलेला बँड. त्यांचा चौदावा स्टुडिओ अल्बम ‘बाउहाउस स्टेअरकेस’ २७ ऑक्टोबर २०२३ ला आला. हा बहुधा आपला शेवटचा, असं मॅक्क्लस्की मुलाखतींतून आधीच सांगून बसला होता. त्या ‘बहुधा’वर फार विसंबू नये. सिंथ-पॉपमधले, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर रचलेल्या पॉप संगीतातले, निरोप आपल्या नाटकवाल्यांच्या ‘शेवटचे पाच प्रयोग’ या जाहिरातीसारखे असतात, मागाहून ‘लोकाग्रहास्तव’ येतंच. नॉर्वेच्या ‘आ-हा’ने ४ डिसेंबर २०१० ला ऑस्लोत रीतसर निरोपाचा कार्यक्रम केला आणि २०१५ मध्ये नवा अल्बम काढला. तरी शेवटचा म्हटलं की चाहता हिशेबाची वही उघडून बसतो, आणि या अल्बमच्या बाबतीत तो हिशेब जमता जमत नाही.

त्याचं मूळ चाळीस वर्षं जुनं आहे. १९८१ च्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ने या बँडला युरोपभर नेलं. त्यातलं ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ हे गाणं जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग १९८३ मध्ये आला ‘डॅझल शिप्स’: रेडिओ केंद्रांच्या उद्घोषणा, वेळ सांगणारे आवाज, यंत्रांची खडखड, आणि अधूनमधून गाणी. विक्री गडगडली. आज तोच अल्बम अनेकांना त्यांचा सर्वांत धाडसी वाटतो. तेव्हापासून ओएमडीचा चाहता एकतर ‘आर्किटेक्चर’वाला असतो नाहीतर ‘डॅझल शिप्स’वाला. नव्या अल्बममध्ये दोघांचंही पान वाढलंय, म्हणून दोघंही अर्धपोटी उठतात.

‘डॅझल शिप्स’वाल्यांसाठी दोन गाणी आहेत: ‘अँथ्रोपोसीन’ आणि ‘इव्होल्यूशन ऑफ स्पीशीज’. पहिल्यात संगणकी आवाज माणसांची संख्या कशी वाढत गेली ते कोरडेपणाने सांगत जातो, आणि खाली नाचायला लावणारा ठेका. मोबाइलच्या स्पीकरवर हे गाणं ऐकाल तर नुसती आकडेमोड कानावर पडेल. त्या स्पीकरमधून खालचा बास येतच नाही आणि गाण्याचा सगळा ताण त्या बासवर उभा आहे. साधे तारेचे इअरफोन लावले तरी फरक कळतो. ऐकून झालं की लगेच ‘डॅझल शिप्स’मधलं ‘टाइम झोन्स’ लावून पाहा. १९८३ मध्ये नुसते आवाज एकमेकांवर रचून ठेवले होते. आता त्या आवाजांना चाल आणि ठेका मिळालाय. जुने चाहते याला तडजोड म्हणतात. ते पटत नाही. ‘टाइम झोन्स’ पुन्हा पुन्हा ऐकणारे किती आहेत?

दुसऱ्या तटाला हवी असते चाल. ओएमडीची खरी ओळख हीच, की गाण्याचं ध्रुवपद माणूस गात नाही, कीबोर्ड गातो. ‘एनोला गे’ आठवा. त्यात गायलेलं ध्रुवपदच नाही, लोक गुणगुणतात ती सिंथची धून. ही सवय गरिबीतून लागली. त्यांचा पहिला सिंथेसायझर होता कॉर्गचा मायक्रो-प्रीसेट, मॅक्क्लस्कीच्या आईच्या टपाल-कॅटलॉगमधून हप्त्यावर घेतलेला: आठवड्याला ७ पौंड ७६ पेन्स, असे ३६ आठवडे. त्यात कारखान्याने भरून दिलेले मोजके ठरीव आवाज, एका वेळी एकच स्वर. दोन बोटं दाबून स्वरसमूह वाजवायची सोय नाही. अशा यंत्रावर चाल कच्ची असेल तर लपवायला जागाच नसते.

ही कसोटी इथे लावली की एक गंमत होते. चाहत्यांची सगळ्यात जास्त कुरकुर ज्या गाण्यावर, ते ‘डोन्ट गो’ सगळ्यात चोख उतरतं. कुरकुरीचं कारण खरंच आहे: हे गाणं २०१९ च्या ‘सुव्हनीर’ या सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या, संग्रहात येऊन गेलेलं. निरोपाच्या बारा गाण्यांत एक चार वर्षं शिळं, हे खुपणारच. पण त्याची धून ऐका, त्यांच्या पहिल्यावहिल्या ‘इलेक्ट्रिसिटी’ या गाण्याची धाकटी बहीण शोभते. ‘लुक ॲट यू नाऊ’ही बरंच जवळ जातं, पण त्यात १९९१ च्या ‘शुगर टॅक्स’चा गुळगुळीतपणा जास्त. ‘वेरुष्का’ मात्र या अल्बमचा गाभा. सावकाश चढत जाणारं, कुठेही घाई नसलेलं. नव्या माणसाला एकच गाणं ऐकवायचं तर हे.

‘स्लो ट्रेन’वर सरळ दोन गट पडतात. त्याचा ठेका सत्तरच्या दशकातल्या ग्लॅम रॉकचा, पाय आपटत चालणारा, झोके घेणारा. सरळ चारच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला ते उपरं वाटतं. मात्र अल्बमच्या मध्यावर कानाला आलेली सुस्ती हेच गाणं घालवतं. ‘क्लेप्टोक्रसी’त राजकारणावर थेट वार आहे: मत कोणालाही द्या, निवडून आलेला माणूस आधीच विकला गेलेला. शब्द धारदार, चाल सरधोपट. शीर्षकगीताला पार्श्वभूमी माहीत असली तर वजन येतं. जर्मन चित्रकार ओस्कार श्लेमरने ‘बाउहाउसचा जिना’ हे चित्र रंगवलं १९३२ मध्ये, जर्मनीत डेसाऊतली बाउहाउस ही कलाशाळा नाझींच्या दबावाने बंद पडत असताना. पाठमोरी मुलं जिना चढताहेत, बस, एवढंच चित्र.

आता खरी तक्रार. अल्बम बराचसा टाळेबंदीच्या काळात, संगणकावर रचला गेला. ते ऐकू येतं. ‘सुव्हनीर’ या त्यांच्या १९८१ च्या गाण्यातला तो धुकट समूहस्वर गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रित टेपचे तुकडे जोडून, फिरवत ठेवून केलेला. मेलोट्रॉन या वाद्यात तर प्रत्येक पट्टीखाली खरीखुरी टेप असते, जेमतेम आठ सेकंदांची. टेप ओढली जाताना वेग किंचित हलतो, स्वर लटपटतो, आणि त्या लटपटीतून आवाजाला श्वास मिळतो. संगणकातला समूहस्वर मुद्दाम हलवला नाही तर जागचा हलत नाही. ‘अफ्रोडाइट्स फेव्हरिट चाइल्ड’सारखी पसरट गाणी त्यामुळे चकचकीत होतात, खोल होत नाहीत.

त्यात आवाजाचा एकूण थर दाबून वर आणलेला. हळू आणि मोठा यांतलं अंतर कमी झालं की तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर कान थकतो. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आणून ठेवतं, म्हणजे दाबून मिळवलेला मोठेपणा तिथे कापलाच जातो, उरतो तो फक्त सपाटपणा. जुन्या गाण्यांशी तुलना करणार असाल तर ॲपमधली आवाज समान ठेवायची सोय चालू ठेवूनच करा. नाहीतर जे मोठं वाजेल तेच चांगलं वाटेल.

सीडी घ्यावी की एलपी? भारतात मागवायची तर सीडी. टपालखर्च कमी, वाटेत वाकण्याची भीती नाही. एलपीची एक अडचण अशी, की शेवटचं ‘हीलिंग’ हे हळवं गाणं तबकडीच्या सर्वांत आतल्या खाचांत येतं. तबकडी ३३⅓ फेऱ्यांनी फिरते तेव्हा बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर अंतर कापते, आत जेमतेम २१. तेवढ्याच कंपनांना निम्म्याहून कमी जागा. सुईचा कोन थोडा जरी चुकला तरी ‘स’ आणि ‘श’ फसफसतात. सुईचा कोन तपासायच्या कागदी मापपट्टीवर सुई दोन्ही खुणांना समांतर बसते का, ते आधी पाहावं. मगच प्रतीवर खापर फोडावं.

विक्रीचं म्हणाल तर ब्रिटनच्या यादीत अल्बम दुसरा आला. स्टुडिओ अल्बमांत इतक्या वर ते आधी कधीच गेले नव्हते. पहिला क्रमांक हुकला तो त्याच दिवशी आलेल्या टेलर स्विफ्टच्या ‘१९८९’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीमुळे.

बाराही गाणी सलग ऐकण्याआधी ‘वेरुष्का’, ‘अँथ्रोपोसीन’, ‘डोन्ट गो’, ‘स्लो ट्रेन’ या क्रमाने चार ऐका. तीन आवडली तर सीडी मागवा. फक्त ‘डोन्ट गो’ आवडलं तर ‘सुव्हनीर’ संग्रह घ्या, त्यात ते आहेच, आणि बरोबर ‘एनोला गे’ही.