पिकअपला पिकअप नाही: पंप-नोझल, हाफ इंजिन की फुल?

जुन्या बोलेरो पिकअपवाल्याची तक्रार ठरलेली असते. सपाटीला ओढते, घाटात मरते. जो चढ तिसऱ्या गिअरात व्हायचा त्याला आता दुसरा टाकावा लागतो, आणि मागून एसटी हॉर्न मारत असते. गॅरेजात गेलं की तीन मतं मिळतात. पंपवाला म्हणतो पंप-नोझल (डिझेल दाबानं इंजिनात फवारणारे भाग) करा, हेडमिस्त्री म्हणतो हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाची अर्धी दुरुस्ती करा, आणि लेथवाल्याचा माणूस तिथे बसलेला असेल तर तो म्हणतो, एकदाच फुल, म्हणजे पूर्ण दुरुस्ती करून मोकळे व्हा. प्रत्येकाला दोष आपण दुरुस्त करतो त्याच भागात दिसतो.

मी स्वतः यात पोळलोय. आंब्याच्या दिवसांत साखरप्याहून आंबा घाट चढताना गाडी दुसऱ्यातही रडायला लागली. एका गॅरेजनं हाफ इंजिनचा हिशेब लिहून दिला. निघाला काय, तर टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) रबरी होस खालच्या बाजूनं फाटलेला. वरून बघितलं तर धडधाकट, हात घालून दाबला की चीर उघडायची. तेव्हापासून धूर बघितल्याशिवाय मी कुणाला बोनेट उघडू देत नाही.

काळा धूर भकाभका आणि ताकद कमी, म्हणजे डिझेल जातंय पण हवा पुरत नाही. एअर फिल्टर, टर्बोचे होस, त्यांच्या क्लिपा, शेवटी टर्बो, याच क्रमानं बघा. धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. फिल्टर तुंबलेला, टाकीतली जाळी, किंवा आतून फुगलेला रबरी पाइप. पांढरा धूर आणि सकाळी स्टार्टिंगला त्रास, म्हणजे नोझल, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). पांढऱ्यासोबत रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगांतून नाहीतर टर्बोच्या सीलमधून.

इंजिनाशी संबंध नसलेली कारणंही असतात. मोठ्या खर्चाचा विचार करण्याआधी ॲक्सिलरेटरची केबल पूर्ण खेचते का बघा. एकानं बोनेटशी उभं राहायचं, दुसऱ्यानं पाय दाबायचा. इंजिन गुरगुरतं पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतोय. दहा-पंधरा किलोमीटर चालवून चाकांच्या हबजवळ हात न्या, एखादा भाजण्याइतका गरम असेल तर ब्रेक धरून बसलाय.

आता मुख्य प्रश्न. पंप-नोझल की इंजिन?

याचा निवाडा बॅक कॉम्प्रेशनवर होतो, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांच्या फटीतून खाली इंजिनाच्या पोटात निसटतो का यावर. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि ऑइल टाकायचं झाकण काढून उलटं त्याच तोंडावर ठेवा. थोडी वाफ प्रत्येक जुन्या इंजिनाला येते, तिला घाबरू नका. झाकण नाचत खाली पडत असेल, ठोक्याठोक्याला धूर बाहेर फेकला जात असेल, तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. फक्त आधी ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप साफ करा, तो तुंबला तरी हेच चित्र दिसतं. शंका उरली तर गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकड्याइतकाच चौघांमधला फरक महत्त्वाचा. तिघं सारखे आणि एक बराच खाली असेल तर दोष त्या एका ठिकाणी आहे, अख्खं इंजिन म्हातारं झालेलं नाही.

बॅक कॉम्प्रेशन नसेल तर मी पंप-नोझलच्या बाजूचा. पण तिथेही आधी कॅनची परीक्षा करा. स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर टांगून पाइप सरळ पंपाला जोडायचा. गाडी उसळून ओढायला लागली, तर पंप निर्दोष आहे आणि दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत आहे. हा खर्च शेकड्यांत भागतो, पंप खोलला की हजारांत जातो. त्या वाटेत हातभर पारदर्शक नळी बसवली की लाइन हवा खाते का तेही कळतं, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

नोझल ओळखायची जुनी रीत म्हणजे आयडलला एकेका पाइपचा नट किंचित सैल करायचा. ज्याच्या सैल होण्यानं आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. ही रीत फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला. कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे जिथे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं, असं चुकूनही करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडी फोडून आत शिरते. तिथे स्कॅनर लावायचा आणि बाटल्या लावून इंजेक्टरचं रिटर्न मोजायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं, तर तो इंजेक्टर गेला.

बॅक कॉम्प्रेशन असताना पंप-नोझलवर पैसे घालणं हा सगळ्यात महाग मूर्खपणा. आठवडाभर गाडी बरी वाटते, मग पुन्हा पहिले पाढे, आणि इंजिनाचा खर्च उभाच.

हाफ आणि फुल यांतला फरक मिस्त्री तोंडी सांगतो तेवढा सोपा नाही. हाफमध्ये हेड उतरतं, व्हॉल्व्ह बसवले जातात, रिंगा आणि बेरिंग बदलतात, नवा गॅस्केट सेट पडतो. बहुतेक वेळा इंजिन चासीवरच राहतं, गाडी थोड्या दिवसांत रस्त्यावर येते. फुलमध्ये इंजिन खाली उतरतं, बोअर किंवा लायनर (सिलिंडरची बदलता येणारी आतली नळी), पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप सगळं होतं. खर्च हाफच्या कितीतरी पट, आणि लेथवर रांग असली तर गाडी उभी राहते ती वेगळीच. हंगामात उभ्या गाडीचं बुडालेलं भाडं खर्चात धरायला लोक विसरतात.

तरीही हाफ नेहमी स्वस्त पडत नाही. बोअर लंबगोल झाला असेल तर नव्या रिंगा त्यात बसतच नाहीत, काही महिन्यांत झाकण पुन्हा नाचायला लागतं. म्हणून हाफ ठरवलं तरी हेड उतरल्यावर बोअर डायल गेजनं मोजायला लावा आणि मोजताना समोर उभे राहा. झीज मर्यादेत, गरम इंजिनावर ऑइल प्रेशर ठीक आणि खालून ठोका नाही, तर हाफ पुरे. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर फुल. मधला मार्ग म्हणून जंकमधलं, म्हणजे भंगारातल्या गाडीचं जुनं इंजिन सुचवतात. ते चालू करून, झाकण काढून बघू दिलं तरच विचार करा. इंजिन नंबर बदलला की आरसी बुकात नोंद करावी लागते, हेही आधी विचारात घ्या.

फुल करण्याआधी कागद काढा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाड्यांची फी एप्रिल 2022 पासून बरीच वाढली आहे. चासीला गंज, हौदा सडलेला आणि गाडी पंधराच्या उंबरठ्यावर, तर फुल इंजिनचे पैसे विकताना परत येत नाहीत. तिथे होस, फिल्टर, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट नीट करणं) एवढं करून जेवढं ओझं झेपतं तेवढ्यावर एक-दोन हंगाम काढणं मला पटतं. चासी ठणठणीत आणि गाडी दहा-अकरा वर्षांची असेल तर मात्र मी फुल करीन, आणि त्याच वेळी टर्बोही तपासून घेईन. त्याच्या शाफ्टला पुढे-मागे खेळ असेल किंवा पंख घरावर घासल्याच्या खुणा असतील, तर नव्या इंजिनावर तो जुना टर्बो बसवू देऊ नका. तो तुटला की पंखांचे तुकडे थेट नव्या पिस्टनवर जाऊ शकतात.