ऑक्सिजनचा बाँड: लुईस स्ट्रक्चर की एमओ थिअरी?

दहावीपर्यंत मराठी मिडियम आणि मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, एकदम सगळं इंग्लिश, त्यामुळं खानापूरहून बसनं येणारी आमची पोरं एमओ थिअरी (मॉलिक्युलर ऑर्बिटल थिअरी, म्हणजे इलेक्ट्रॉन अख्ख्या रेणूभर पसरलेल्या ऑर्बिटल्समधे, म्हणजे जागांमधे बसतात असं मानणारी) बघितली की घाबरतात, आणि मला दरवर्षी विचारतात की लुईसचं स्ट्रक्चर सोपं आहे की, मग हे कशाला शिकायचं?

सोपं आहेच. दोन ऑक्सिजन, मधे दोन रेघा (एक रेघ म्हणजे दोघांत वाटलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी, एक बाँड), बाजूला लोन पेअर्स (न वाटलेल्या जोड्या), झालं. पाणी, अमोनिया, मिथेनला मी पण तेच वापरते.

पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमधे ओतला की तो निळसर द्रव तिथंच अडकून राहतो, खाली पडत नाही, नायट्रोजन मात्र सरळ वाहून जातो! चुंबक असा ओढतो तो एकट्या इलेक्ट्रॉनला, आणि लुईसमधे सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं बसलेत, मग चुंबक ओढणार कुणाला? एमओमधे पाय-स्टारच्या (π*, बाँड कमकुवत करणाऱ्या) दोन सारख्या एनर्जीच्या ऑर्बिटल्समधे एकेक इलेक्ट्रॉन एकटा बसतो, बसमधे दोन सीट मोकळ्या असल्या की दोन अनोळखी माणसं वेगवेगळी बसतात बघा, तसं. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लेनर्ड-जोन्सनं 1929 मधेच दाखवलं होतं.

बाँड ऑर्डर (दोन अणूंत किती बाँड, तो आकडा) दोन्हीकडं 2च येते. पण एक इलेक्ट्रॉन काढला की एमओ 2.5 सांगते, आणि बाँड खरंच 121 वरून 112 पिकोमीटर होतो. लुईसच्या रेघांत अर्धा बाँड कुठं दाखवणार?

तर पोरांनो, आकार पटकन पाहिजे तर लुईस काढा, पण चुंबक, आयन किंवा हेलियमची जोडी का जमत नाही असं विचारलं की सरळ एमओ डायग्राम भरायला घ्या.