गॅस गिझर चालू होईना म्हणून फोन केला आणि ३२०० रुपयाला फसलो, कोल्हापूरकरांनो वाचा

मंडळी, गेल्या महिन्यात आमचा गॅस गिझर अचानक बंद पडला. आम्ही फुलेवाडीत राहतो, घरात आई ७४ वर्षांची, थंडीत गार पाण्यात हात घातला तरी तिची बोटं आखडतात. नळ सोडला की जी टिकटिक होते तीच होईना. आदल्याच दिवशी वरची टाकी धुवून घेतलेली, पण त्याचा नि गिझरचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

मोबाईलवर कंपनीचं नाव आणि सर्व्हिस कोल्हापूर असं टाकलं, सगळ्यात वर जो नंबर आला त्याला फोन लावला. कंपनीचंच सेंटर आहे म्हणाले. तासाभरात पोरगा हजर, लोगोचा टीशर्ट, गळ्यात कार्ड, शंका येईल असं काहीच नव्हतं. कव्हर काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला दादा पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, व्हॉल्व्ह पण वीक झालाय, अख्खं किट बदलावं लागणार, २८५० किटचे आणि ३५० व्हिजिटचे. मी जरा कमी करा म्हटलं तर म्हणतो गॅसचं काम आहे, घरात म्हातारं माणूस आहे, उद्या काय झालं तर? तिथंच मी गप झालो.

मग मला म्हणाला मागं जाऊन सिलेंडरचं रेग्युलेटर बंद करून या, आणि आईला म्हणाला आजी जरा प्यायला पाणी आणा. आम्ही दोघंही हललो तिथनं. परत येतोय तोवर हा कव्हर लावायला लागलेला. रेग्युलेटर चालू केला, नळ सोडला, टिकटिक झाली, भक्कन पेटला. आईनं त्याला चहा पाजला हो. पैसे कुठल्यातरी माणसाच्या पर्सनल नावावर घेतले, बिल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणाला ते आजपर्यंत आलं नाही, आणि जुना पार्ट मागितला तर तो कंपनीत जमा करावा लागतो म्हणे.

१२ दिवसांनी परत तेच, टिकटिक बंद. त्या नंबरवर आता परत व्हिजिटचे ३५० भरा म्हणाले.

शेवटी मित्रानं उद्यमनगरातले त्याच्या ओळखीचे एक मिस्त्री काका पाठवले. त्यांनी आधी दोन्ही सेल काढून बघितले, ते चांगले होते. मग पाण्याचा कॉक बंद करून पाणी आत येतं तिथला नट सोडवला आणि बोटाच्या पेराएवढी जाळी काढून माझ्या तळहातावर ठेवली, नुसता गाळ. टाकीतला. काका म्हणाले याला पाण्याचा दाब लागतो, नळ सोडला की दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, त्यानं स्विच दाबला जातो, मग सेलवर ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. जाळी तुंबली की दाब नाही, दाब नाही तर टिकटिक नाही. जुन्या टूथब्रशनं घासून बसवली, चालू! म्हणजे त्या पोरानं पण आम्हाला बाजूला काढून हेच केलेलं, फक्त टाकीतला उरलेला गाळ परत येऊन बसला.

आणि किट? काकांनी कव्हर काढून दाखवलं, पीसीबीच्या डब्यावर कोळ्याचं जाळं आणि स्क्रू गंजलेले, कुणी हात पण लावला नव्हता.

पण खरी भीती पुढं आहे. आत दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. पाणी जास्त तापलं तर गॅस तोडणारा जो सेन्सर असतो, तो त्यानं बायपास केलेला. काका लई चिडले, म्हणाले फॉल्ट शोधायचा कंटाळा म्हणून हे लोक आधी सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडून टाकतात आणि तसंच सोडून जातात. जाळी तुंबत चालली की पाणी कमी येतं, कमी पाणी भयानक तापतं, आणि तोडणारं कुणी नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण आई १२ दिवस त्याच पाण्यानं आंघोळ करत होती.

काकांनी २०० रुपये घेतले. जाता जाता त्यांनी सांगितलेलं तसंच देतो. टिकटिकच नाही तर आधी सेल, मग जाळी बघा. टिकटिक आहे पण पेटत नाही तर सिलेंडर आणि रेग्युलेटर, नवीन सिलेंडर लावला असेल तर पाईपमध्ये हवा असते, दोनतीनदा नळ सोडावा लागतो. पेटून लगेच विझत असेल तर स्वतः काही करू नका, आणि गिझर बंद बाथरूमच्या आत असेल तर आजच बाहेर काढा, कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गॅसचा वास आला तर मात्र रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बटणं चालू-बंद करायची नाहीत आणि घराबाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाईनला फोन.

सर्व्हिसचा नंबर वॉरंटी कार्डावरचाच घ्या, आणि काम चालू असताना कशालाही पाठवलं तरी तिथनं हलू नका. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली आहे, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि त्या पिळलेल्या वायरींचा फोटो जोडलाय. आईला त्या वायरींचं अजून सांगितलेलं नाही.