फुकटच्या कंपायलरचे साडेसहा हजार

बेळगावात पोरांना प्रोग्रामिंगच्या क्लासला घालणार असाल तर आधी हे वाचा. माझे 12,500 रुपये गेलेत.

लेक बीसीएच्या पहिल्या वर्षाला. आम्ही खानापूरचे, घरात कॉम्प्युटरातलं कळणारं कुणी नाही. क्लासवाला म्हणाला, "लायसन्सवाला कंपायलर नसला तर प्रॅक्टिकलचे मार्क जातात." कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर. पोरीच्या मार्कांचं नाव काढल्यावर कुठला बाप घासाघीस करेल? लायसन्स 6,500, पुस्तकं आणि पेनड्राइव्ह 4,200, नोंदणी 1,800.

त्याच्या माणसानं घरी येऊन कोडब्लॉक्स, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, टाकलं. मध्येच इंग्रजी मजकुराची खिडकी आली. लेक म्हणाली, "बाबा, यात फ्री लिहिलंय." मीच तिला गप्प केलं, "त्यांना कळतं, तू मध्ये बोलू नकोस." ती खिडकी जीपीएलची, म्हणजे सॉफ्टवेअर कुणालाही वापरायची-वाटायची मोकळीक देणाऱ्या परवान्याची होती. कोडब्लॉक्स फुकट, त्याच्या आतला जीसीसी हा कंपायलर तर 1987 पासून फुकट. पोरीला दिसलं, मला दिसलं नाही. अजून झोप लागत नाही.

पुस्तकं म्हणजे टर्बो सी++ या जुन्या कंपायलरच्या पुस्तकांच्या झेरॉक्स. पहिलाच प्रोग्राम `आयओस्ट्रीम डॉट एच` या जुन्या काळच्या फाइलच्या नावानं सुरू होणारा. जीसीसीला ती फाइल सापडतच नाही. पोरगी दोन आठवडे स्वतःचीच चूक शोधत रडत होती. पुस्तक घेताना पहिला प्रोग्राम आपल्या कंपायलरवर चालवून बघा, मगच पैसे द्या. पेनड्राइव्हवर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. ते साइटवर फुकट आहेत, मराठीतूनही आहेत!

तक्रार द्यायला गेलो तर ठाण्यात म्हणाले, अर्ज कन्नडमध्ये आणा. बाहेर 150 रुपये देऊन लिहून घेतला. मग म्हणे खानापूरचे ना, तिकडे जा. तिकडे म्हणे पैसे बेळगावात दिलेत, तिकडे जा. तीन फेऱ्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी एक साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" जीपीएलचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन देता येतं, हे आता मलाही कळलंय. पण लायसन्स विकत घेतलं नाही तर मार्क जातात, हे सांगणं फसवणूक नाही? पावतीवर नुसतं 'प्रशिक्षण साहित्य' लिहिलंय. पावतीवर प्रत्येक वस्तूचं नाव लिहून घ्या, नाहीतर माझ्यासारखे हात चोळत बसाल.

काल त्याचाच मेसेज आला: लायसन्स रिन्यूअल, 2,360 रुपये, शनिवारच्या आत भरा.