पथनाट्य की फोरम थिएटर?

नाटकातून लोकांपर्यंत पोचायचंय म्हटलं की बहुतेक ग्रुप सरळ पथनाट्य उचलतात, आणि त्यात गैर काही नाही, ना स्टेज ना लाइट, डफ वाजला की गर्दी जमते आणि अर्ध्या तासात मुद्दा पोचतो. सफदर हाश्मींच्या जन नाट्य मंचाने हेच केलं, १९८९ च्या १ जानेवारीला दिल्लीजवळच्या साहिबाबादला प्रयोग चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले, म्हणजे हा प्रकार किती झोंबतो बघा. पण बघणारा बघतो, टाळ्या वाजवतो, निघून जातो.

फोरम थिएटर ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांचं. यात अन्याय होतो तिथेच नाटक संपतं, मग पुन्हा सुरू करतात आणि प्रेक्षकातलं कुणीही 'थांबा' म्हणून अन्याय सोसणाऱ्या पात्राची जागा घेऊन वेगळं करून बघतं. समोरचे नट मात्र सहजासहजी हार मानत नाहीत, खरी मजा तिथेच. बोआल १९९३ ते ९६ रिओचे नगरसेवक होते तेव्हा अशाच प्रयोगांतून आलेल्या सूचनांचे कायदेसुद्धा झाले!

अर्थात प्रेक्षकांना नाटकात ओढणारा सूत्रधार कच्चा असला की फोरमचा पार विचका होतो, तो उपदेश द्यायला लागला की लोक गप्प. वेळही जास्त लागतो, भर चौकात तर अवघडच. माझं मत विचाराल तर नवीन योजना किंवा हक्काची माहिती द्यायची असेल तर पथनाट्य, पण हुंडा, घरातली मारहाण अशा विषयांवर, जिथे चूक काय ते सगळ्यांना माहितीये पण बोलायचं कसं ते कळत नाही, तिथे फोरमच.